मिस अर्नेस्टीनचं भांडं

डिसेंबरातली सकाळ होती आणि टॉम्बिग्बी नदीवरून आलेलं धुकं रस्ता सोडायला तयार नव्हतं. ओरेन टोल्बर्टची जुनी ब्यूक त्या धुक्यातून सावकाश चालली होती. ओरेन झोपेत नव्हता, पण पुरता जागाही नव्हता. एकाच मुलखातल्या त्याच त्या रस्त्यांवर तीसेक वर्षं गाडी हाकली की माणसाचं असं होतं. हात आपोआप वळण घेतात आणि मन भलत्याच कुणाशी तरी गप्पा मारत बसतं.

शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, एक काचेचं भांडं बसलं होतं. पांढरं, पोटावर निळी फुलं, वर झाकण. तळाला चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं नाव, मॅकराय. चर्चच्या जेवणाला साऱ्या गावाची भांडी एका टेबलावर येतात, तेव्हा अदलाबदल नको म्हणून इकडे प्रत्येक बाई अशी पट्टी लावते. भांडं भरलेलं होतं आणि अजून कोमट होतं. ते ज्यांचं होतं त्यांच्या घरी ओरेन ते परत द्यायला निघाला होता, आणि त्यासोबत एक बातमीही द्यायची होती. भांड्याचं ओझं काहीच नव्हतं.

ओरेन ब्लफ स्टेट कॉलेजात फुटबॉलचा सहायक कोच. फुटबॉल म्हणजे इकडचा, लांबुळक्या चेंडूचा. चेंडू छातीशी धरून पळायचं आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी आडवं पाडायचं. मैदानावर ओरेनचं काम बेताचंच. त्याचं खरं काम घरोघर जायचं. शाळेच्या शेवटच्या वर्षातली चांगली पोरं हेरायची, त्यांच्या आयांसमोर बसायचं आणि म्हणायचं, तुमचा मुलगा चार वर्षांसाठी आमच्याकडे द्या, शिक्षणाचं, राहण्याजेवणाचं सगळं आम्ही बघतो. मुलीला मागणी घालायला जावं तसाच सगळा थाट. तेच कडक इस्त्रीचे कपडे, तेच खाकरणं, तेच आतल्या खोलीतून कानोसा घेणारे नातेवाईक.

पोराचा खेळ ओरेन सगळ्यात शेवटी बघायचा. तरणे कोच घड्याळं लावून पोरांना पळवायचे, हा मात्र मामाची उंची बघायचा. आईची मनगटं बघायचा. सतरा वर्षांचं पोर अजून वाढायचं असतं, ते कुठवर वाढणार हे घरात बसलेल्या माणसांवर लिहिलेलं असतं. मग तो बघायचा की बाजारातून गाडी आली की पोरगं पिशव्या आणायला आपणहून उठतं का, जेवल्यावर ताट कोण उचलतं, आणि आई रागावली की ते कुठे बघतं. यात तो सपशेल फसलाही होता. दोन वेळा तर असा, की व्हर्डेल वर्षभर त्याला चिडवत होती.

व्हर्डेल त्याची बायको. चार वर्षांपूर्वी गेली. पोरंबाळं त्यांना नव्हती. होती ती सगळी कॉलेजची. ओरेन एखाद्या घरी जेवला की त्या घरची बाई उरलंसुरलं आपल्या भांड्यात घालून त्याच्या हाती द्यायची, आणि भांडं परत करायचं म्हणजे रिकामं करायचं नाही. हा नियम कुणाला समजावून सांगायला नको. जिथे जिथे बायका रांधतात तिथे तो आहेच. मग व्हर्डेल त्यात जायफळ घातलेले टीकेक भरायची, बिस्किटासारखे पण जाडजूड, कडेला जरा लाल झालेले, आणि म्हणायची, "जा, देऊन ये. आणि स्वतःच्या हातानं दे, शेजारणीकडे ठेवून पळू नकोस." असा तो दुसऱ्यांदा त्या घरी जायचा. दुसऱ्यांदा गेलं की आईचा आवाज बदललेला असायचा. ओरेनची बरीच वर्षं अशी समजूत होती की आपल्या जिभेत जादू आहे. व्हर्डेल गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, निम्मी पोरं टीकेकनी आणली होती.

आणि भांड्याचा अर्थ सगळ्या आयांना ठाऊक होता. जो भांडं घेऊन जातो तो परत येतो. ज्याला परत यायचं नसतं तो म्हणतो, नको नको, पोट भरलं.

नोव्हेंबरात ओरेन मर्टल ग्रोव्हला मॅकरायांकडे जेवायला गेला होता, तेव्हा त्यानं हे भांडं घेतलं होतं. मिस अर्नेस्टीन (इकडे मोठ्या बाईला मानानं मिसच म्हणतात) शाळेची बस चालवते. गावातली पोरं वादळाला घाबरत नाहीत इतकी तिला घाबरतात. तिचा एकुलता एक डेमेट्रिस, आणि घरात तिचा भाऊ रूफस, लाकडाच्या गिरणीत कामाला, दारातून वाकून आत येणारा. ओरेननं रूफसला बघितलं आणि मनात म्हणाला, हे पोर अजून चार बोटं वाढणार.

"काय हो कोच," जेवताना रूफस म्हणाला, "गेल्या आठवड्यात एक कोच आला होता, काय गाडी होती त्याची! तुमची ही ब्यूक काय चर्चनं दान दिली?"

"चर्चला मीच दिली होती. त्यांनी परत केली," ओरेन म्हणाला.

डेमेट्रिस इतका हसला की त्याला ठसका लागला. मग आईकडे बघून त्यानं तोंड मिटलं, उठला, मामाचं ताट उचललं, स्वतःचं उचललं. ओरेननं हे बघितलं आणि मक्याच्या पावाचा आणखी एक तुकडा घेतला. पोर मैदानावर काय करतं ते त्यानं आधीच बघितलं होतं. ते लाइनबॅकर होतं; चेंडू घेऊन सुसाट येणाऱ्या गड्याला आडवं करायचं आणि मग हात देऊन उठवायचं.

मिस अर्नेस्टीननं मात्र हात पुसले आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. "कोच, एक खरं सांगा. तुम्ही माझ्या पोराला न्याल. मग कुठून तरी दुसऱ्या कॉलेजातला तयार, दाढीवाला गडी बदली करून येईल, आणि माझं पोर राखीव म्हणून बाकावर. आजकाल हेच चाललंय म्हणतात."

"बाकावर बसेल, मिस अर्नेस्टीन. पहिलं वर्ष नक्की बसेल. मी खोटं कशाला बोलू? पण तो बाक त्याचा असेल. जागा त्याची. माझा शब्द आहे."

मग उठून तिनं पीच घालून भाजलेला गोड कॉबलर त्या निळ्या फुलांच्या भांड्यात काढला, वर झाकण घातलं आणि त्याच्या हाती दिलं. "भांडं माझ्या आईचं आहे," ती म्हणाली. "घाई नाही. पण आणा."

डेमेट्रिस गाडीपर्यंत भांडं घेऊन आला होता. पट्टा त्यानंच लावला होता.

हेड कोच हॅलॉरन वाईट माणूस नव्हता. हे ओरेन स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायचा, त्यावरून काय ते समजावं. हॅलॉरन दूर उत्तरेकडून आलेला, ओरेनच्या निम्म्या अनुभवाचा, चेहरा सदा थकलेला. एकदा ओरेन त्याला एका घरी घेऊन गेला होता. तिथल्या आईनं दोन दिवस खपून रांधलं होतं, आणि या पठ्ठ्यानं खिशातून स्वतःची पौष्टिक वडी काढून खाल्ली. आहारावर होता म्हणे. ते पोर कुठल्या कॉलेजात गेलं हे विचारायची हॅलॉरनला कधी गरज वाटली नाही.

पोरं कॉलेजांच्या करारावर सह्या करतात त्या दिवसाला आठवडा राहिला असताना त्यानं ओरेनला बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर नावं होती, लाल, हिरवी, पिवळी.

"ओरेन, तुम्ही पेकनची झाडं लावता. मला आवडतं ते. पण पेकनला फळ धरायला दहा वर्षं लागतात, आणि कॉलेजनं मला दोनच वर्षं दिली आहेत. तुमची मागची पोरं आठवा. तुम्ही वाढवलीत, आणि हाताशी आली तशी मोठ्या कॉलेजांनी उचलून नेली. खरं की नाही?"

खरं होतं. गेल्या वसंतात तिघं गेले. त्यातल्या एकाच्या आईच्या घरी ओरेन सात वेळा जेवला होता, आणि पोरानं जाताना फोनवर दोन ओळी पाठवल्या होत्या.

"बाजारात तयार गडी आहेत," हॅलॉरन म्हणाला. "वाढलेले, मार खाल्लेले, उद्या मैदानात उतरतील असे. मॅकरायची जागा मी व्रोबेलला दिली. बदलीवर येतोय. तुम्ही त्या पोराला फोन करून टाका. मेसेज केलात तरी चालेल, सगळे तेच करतात."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"कॉलेजनं नाही दिला, ओरेन. तुम्ही दिला."

"तेच तर म्हणतोय मी," ओरेन म्हणाला आणि उठला.

संतापानं त्याचे कान तापले होते. पण बाहेर मैदानावर ऊन पडलं होतं, कुणीतरी रेषा आखत होतं, आणि ओल्या चुन्याचा तो वास आला. या वासासाठी त्यानं गुडघा गमावला होता, गिरणीची कायमची नोकरी नाकारली होती. तो तिथेच पायरीवर बसून राहिला. त्या घरांमधून त्याला जे मिळत आलं होतं ते पगारात नव्हतं. कोच टोल्बर्ट आला म्हटलं की बायका दार पूर्ण उघडायच्या. आता मर्टल ग्रोव्हचं दार बंद होणार होतं, आणि अशा गोष्टी गावोगावच्या चर्चमधून पसरायला एक रविवार पुरतो. दाराचंही राहू दे. एका पोराला त्यानं जागा दिली होती आणि ती त्याची उरली नव्हती.

व्रोबेल त्याच आठवड्यात आला. वसतिगृह जानेवारीपर्यंत बंद. हॅलॉरननं विचारलं, कुणाकडे खोली आहे का. ओरेनच्या घरात खोल्याच खोल्या होत्या, आणि नाही म्हणायची त्याला कधी सवयच नव्हती. त्यामुळे ज्याच्यामुळे शब्द मोडला तो गडी ओरेनच्याच अंगणात गाडी लावून उभा राहिला. ऑगी व्रोबेल, ओहायोचा, बावीस वर्षांचा, लालसर दाढी. मागच्या सीटवर त्याचा अख्खा संसार होता. बूट, उशी, पातेली, तवा, आणि कपड्यात गुंडाळलेलं एक लाटणं.

"हे कितवं कॉलेज?" ओरेननं विचारलं.

"चौथं, सर."

"घरी कोण कोच आला होता तुझ्या?"

ऑगीनं आठवून बघितलं. "पहिल्या वेळी एक आला होता. मग सगळं फोनवरच. आईला कॉलेजांची नावंही सांगता येत नाहीत आता. ती म्हणते, तू जिथे असशील तिथलं हवामान तेवढं कळव."

ओरेनला त्याचा राग राग करायचा होता. त्यानं मनापासून प्रयत्न केला. पण पोरगं न सांगता ताट उचलायचं, बाजाराच्या पिशव्या एका खेपेत आत आणायचं, आणि व्हर्डेलच्या खुर्चीवर बसण्याआधी विचारायचं, इथे बसू का. राग करायला माणसात काहीतरी खोट लागते. ओरेन दोन दिवसांत थकला.

निळ्या फुलांचं भांडं ओट्यावर होतं. ओरेन ते रोज धुवायचा, पुसायचा, परत ठेवायचा. तिसऱ्या सकाळी ऑगी म्हणाला, "कोच, यात तुम्ही काही शिजवत नाही. मग रोज घासता कशाला?"

"परत करायचंय. रिकामं करता येत नाही."

"मग भरा."

"मला अंडं उकडता येतं. आणि तेही फुटतं."

ऑगीनं भांडं उचलून तळाची पट्टी वाचली. मग सावकाश खाली ठेवलं. नावं त्यालाही वाचता येत होती; बदलीवाल्यांना आपल्या जागेवर आधी कोण होतं ते शोधून काढायची खोड असते.

"मॅकराय म्हणजे तो लाइनबॅकर? शाळेतला?"

"हो."

"त्याची जागा मला मिळाली?"

खोटं बोलायला ओरेनला क्षणभर फार बरं वाटलं असतं. "हो," तो म्हणाला.

बाहेर पेकनच्या निष्पर्ण फांद्यांतून कोवळं ऊन ओट्यावर येऊन पडलं होतं आणि त्यात नळाच्या गरम पाण्याची वाफ हलत होती. मग ऑगी गाडीकडे गेला आणि लाटणं घेऊन आला. "पीठ आहे का घरात? बटाटे? कांदा?"

ती सकाळ ओरेनला पुढे नेहमी आठवायची, आणि खरी घडली होती की काय असा संशयही यायचा. दाढीवाल्या पोरानं व्हर्डेलचा ॲप्रन बांधला. पीठ मळलं, पातळ लाटलं, वाटीनं गोल कापलं. आत बटाट्याचं सारण भरून कडा दाबल्या, थेट करंज्यांसारख्या. त्या उकळत्या पाण्यात सोडल्या, वर तरंगल्या की काढल्या, आणि लोण्यात कांद्याबरोबर परतल्या. ओरेननंही चार केल्या, चारही फुटल्या. ऑगी काम करताना गुणगुणत होता, घरी ऐकलेल्या कुठल्या तरी पोलिश प्रार्थनेचे तुकडे, आणि ओरेनला वाटलं की आत्ता व्हर्डेल आतून येईल आणि म्हणेल, हे कुणाला आणलंस, आधी त्याला खायला घाल.

"मी येऊ तुमच्याबरोबर?" भांड्यावर झाकण घालताना ऑगीनं विचारलं.

"नको. शब्द माझा होता. तोंडही मीच दाखवायला हवं."

तर अशी ती ब्यूक धुक्यातून चालली होती. एरवी या रस्त्यावर ओरेनच्या गाडीत गर्दी असायची. म्हणजे मनातल्या मनात. मागच्या सीटवर जुनी पोरं येऊन बसायची, सगळी अठराच वर्षांची, पुढे मोठी झालेली, टकलं पडलेली, एक तर जगातून गेलेला, पण गाडीत ती अठराचीच. गुडघे पुढच्या सीटला लागताहेत म्हणून तक्रार करायची. प्रत्येक वळणावर एखादं घर लागायचं आणि ओरेनला त्या घराचं नाव नव्हे, त्या घरचं टेबल आठवायचं. इथे भेंडीचा रस्सा. इथे ती जळलेली केकची कड, आणि आयुष्यात पहिल्यांदा पोराचं ताट स्वतः उचलणारा बाप.

आज मागची सीट गप्प होती.

नदी ओलांडल्यावर कापसाची शेतं लागली. कापूस कधीच वेचून झाला होता; कुंपणाला, गवताला त्याचे पुंजके तेवढे अडकून राहिले होते. धुक्यात जमीन आणि आभाळ एक झालं होतं. ओरेननं गाडी बाजूला घेतली आणि उतरला. खिशात फोन होता. दोन ओळी लिहायच्या, भांडं पोस्टातल्या बाईकडे ठेवायचं, आणि जेवणाच्या वेळेला घरी. सगळे तेच करतात.

त्यानं शेतात बघितलं. पांढऱ्या धूसर पट्ट्यावर त्याला सगळी पोरं सराव करताना दिसली. तीस वर्षांतली एकदम, रांगाच्या रांगा, आवाज न करता पळणारी, पडणारी, एकमेकांना हात देऊन उठवणारी. जी सोडून गेली तीही होती. ऑगीही होता, लाल दाढीचा. शेताच्या कडेला व्हर्डेल उभी होती, हातात कुणाचं तरी भांडं घेऊन, आणि त्याच्याकडे अशी बघत होती की पुढचं काही बोलायची तिला गरज नव्हती. स्वतःच्या हातानं दे, शेजारणीकडे ठेवून पळू नकोस.

"जातो बाई, जातो," ओरेन मोठ्यानं म्हणाला आणि गाडीत बसला.

मॅकरायांच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा डेमेट्रिस ओसरीवर होता. गाडी ओळखून तो धावत आला, पुढचं दार उघडलं आणि भांडं बघून त्याचा चेहरा असा काही फुलला की ओरेनला वाटलं, आपण वाटेतच मेलो असतो तर बरं झालं असतं.

"ममा! कोचनं भांडं आणलं!" तो आत ओरडला. "भरून आणलंय!"

आत टेबलावर तीन ताटं होती, मिस अर्नेस्टीननं लगेच चौथं मांडलं. रूफस म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? ब्यूक हळू येते, पण येते." सगळे हसत होते. ओरेन उभाच राहिला. टोपी त्यानं हातात धरली होती.

"आधी माझं ऐका," तो म्हणाला. "मग झाकण उघडा. जेवायला मी बसत नाही."

आणि त्यानं सांगितलं. सरळ, आडवळण न घेता. जागा गेली, दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या गड्याला दिली, ठरवलं हेड कोचनं, पण शब्द माझा होता आणि तो मोडला. त्यानं हॅलॉरनची कारणं सांगितली नाहीत. ती खरी होती म्हणूनच सांगितली नाहीत.

रूफसचा चमचा ताटात तसाच राहिला. डेमेट्रिस म्हणाला, "माझं काय चुकलं, कोच?"

"काही नाही, बाळा. काहीच नाही."

"मग?"

पोर क्षणभर उभं राहिलं, मग जाळीचं दार न आपटता बाहेर गेलं. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मिस अर्नेस्टीनचा आवाज चढला नाही. बस चालवताना चढतो तसा चढला असता तरी चाललं असतं. "माझ्या टेबलावर बसून तुम्ही म्हणालात, जागा त्याची."

"हो."

"मी बाकीच्यांना नाही म्हटलं. तुमच्या भरवशावर."

"ठाऊक आहे मला."

"मग आता तोंड घेऊन कशाला आलात? मेसेज टाकायचा होतात."

"भांडं तुमचं होतं," ओरेन म्हणाला.

ती एकदम हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. कपाटाकडे गेली आणि दार उघडलं. "बघा. हे बघा. इथे माझी ओव्हनमध्ये ठेवायची मोठी थाळी होती. इथे केकचं झाकण. इथे लाल वाडगा. सगळे कोच घेऊन गेले. गोड बोलले, बोटं चाटली, घेऊन गेले. एकही परत आलं नाही. मी रूफसला म्हटलं होतं, आईचंही गेलं आता." ती थांबली. तिनं डोळे भांडं धरायच्या फडक्यानं पुसले, रागारागानं. "आणि आलं ते असं आलं."

शेवटी रूफसनं, त्याला शांतता सोसत नाही म्हणून, झाकण उचललं.

"कोच, हे कान कुणाचे कापून आणलेत?"

"खायचे आहेत ते. आत बटाटा आहे."

"तुम्ही केले?" मिस अर्नेस्टीननं विचारलं.

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. निदान चार त्यानं केलेच होते. "नाही," तो म्हणाला. "त्यानं केले. ज्याला जागा मिळाली त्यानं. माझ्याकडेच राहतोय. भांड्यावरचं नाव वाचलं, आणि लाटणं घेऊन आला."

तिनं एक उचलला, अर्धा चावला, चावत राहिली. बाहेर अंगणात डेमेट्रिस चेंडू वर फेकून झेलत होता, एकटाच.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. मग उरलेला अर्धा खाल्ला. "लाटणं गाडीत घेऊन फिरतो?"

"चार कॉलेजं फिरलंय ते लाटणं."

"त्याच्या आईला कुणी भेटलं का? तुमच्यापैकी?"

"एकदा. बऱ्याच वर्षांपूर्वी."

"देवा," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

मग ओरेननं उरलेलं सांगितलं. नदीपलीकडच्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या कॉलेजात क्लेमन्स नावाचा कोच आहे, ओरेननंच एके काळी आईच्या स्वयंपाकघरातून उचलून आणलेला. त्याच्याकडे जागा आहे. तो मंगळवारी येईल, वाटलं तर ऐका, नाही तर दारातून घालवा. "जेवेल मात्र पोटभर," ओरेन म्हणाला. "आणि भांडं परत करेल. त्याच्या आईला मी ओळखतो."

रूफस म्हणाला, "म्हणजे दोन वर्षांनी पोर तयार झालं की तुमचा तो हेड कोच बदली मागायला याच दाराशी येईल."

"आला तर ओसरीवरच बसवा," ओरेन म्हणाला. "आणि काही खायला देऊ नका. त्याची वडी त्याच्याकडे असते."

रूफस हसला. मिस अर्नेस्टीन हसली नाही. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही, कोच."

"नकाच करू."

तो टोपी घालून निघाला. पायऱ्या उतरला, पाठीमागे नळाचा आवाज ऐकला, झाकणाचा आवाज ऐकला, आणि वळून न बघता गाडीकडे चालत राहिला. रिकाम्या हातानं या घरातून निघालेला माणूस परत यायचा नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? धुकं विरलं होतं. ऊन इतकं स्वच्छ होतं की त्याला ते सोसवेना.

"थांबा."

ती ओसरीवर होती. हातात निळ्या फुलांचं भांडं, धुतलेलं, पुन्हा भरलेलं, झाकणाच्या फटीतून कोंबडीची आणि मक्याच्या सारणाची वाफ येत होती. "हे त्या पोराला. गरम आहे तोवर द्या. आणि म्हणावं, मीठ घालत जा."

ओरेननं हात पुढे केले, पण डेमेट्रिस आधीच आला होता. चेंडू काखेत धरून त्यानं आईच्या हातून भांडं घेतलं, गाडीचं दार उघडलं, भांडं सीटवर ठेवलं आणि वाकून पट्टा लावला. एकदा ओढून बघितलं.

"त्याला सांगा," तो ओरेनकडे न बघता म्हणाला, "ती जागा नीट सांभाळ म्हणावं."

"सांगतो."

पोरानं दार लावलं आणि ते खिडकीवर हात ठेवून उभं राहिलं. मग म्हणालं, "घाई नाही, कोच. पण आणा."